आपल्या प्रदेशात उपलब्ध नाही

लोकांना मॅच बघू न देण्याचा पगार माझा नवरा घेतो. तो स्वतः असं सांगत नाही. इथे जपानमध्ये, कोतोमधल्या ऑफिसात आपण प्रक्षेपण हक्कांच्या सिस्टीमवर काम करतो, असं तो सांगतो. पण काम म्हणाल तर एवढंच, की व्हिडिओ लावणारा कुठल्या देशात बसलाय ते तपासायचं आणि त्या देशासाठी हक्क घेतलेले नसतील तर पडद्यावर पाटी झळकवायची: ‘हा कार्यक्रम आपल्या प्रदेशात उपलब्ध नाही.’ या पाटीचं मराठी त्याचंच. एखादी कादंबरी लिहिल्यासारखा त्याला त्याचा अभिमान आहे.

आमची एकुलती एक लेक शिकायला अमेरिकेला गेली आणि ग्योतोकुच्या आमच्या फ्लॅटमध्ये फ्रिजचा आवाज ऐकू यायला लागला. जन्मभर क्रिकेटपलीकडे काही न बघितलेला नवरा तेव्हा अचानक तिच्या गावातल्या फुटबॉल क्लबचा कट्टर भक्त झाला. मुलगी ज्या गावात ती टीम आपली, असा त्याचा हिशोब. लेकीला फुटबॉलमधलं काही आवडायचं नाही. तिला फोनवर बोलायलाही आवडायचं नाही. जेवलीस का? ‘हो.’ थंडी आहे का? ‘नाही.’ बाकी सगळं? ‘दाइजोबु.’ म्हणजे ठीक आहे, ठेवा फोन.

नवऱ्याने मोठ्या उत्साहाने पहिली मॅच लावली, तर पडद्यावर त्याचीच पाटी. मी इतकी हसले की मला उठून पाणी प्यावं लागलं.

योकोहामाचा आमचा एक मित्र अशा बाबतीत फार हुशार. “कॉम्प्युटर अमेरिकेत आहे असं भासवायचं, झालं,” तो म्हणाला. नवऱ्याचा चेहरा बघण्यासारखा झाला. “कुंपणानेच शेत खायचं का?” हा माणूस खाली कचरा टाकायला गेला की, इथला नियम म्हणून, दुसऱ्यांच्या बाटल्यांचीही लेबलं सोलून येतो. त्याला काय सांगणार!

लेकीच्या गावात मात्र तिथलं लोकल चॅनल सगळ्या मॅच फुकट दाखवायचं. ती म्हणाली, “बाबा, मी फोनचा कॅमेरा टीव्हीकडे धरते, तू बघ.”

“नको, नको! ते पुनःप्रक्षेपण होतं,” नवरा घाबरून म्हणाला. “तू नुसतं तोंडाने सांग. बोलण्याचे हक्क अजून कुणी विकलेले नाहीत.”

अशी आमच्याकडे रविवार सकाळची कॉमेंट्री सुरू झाली. तिच्याकडे शनिवारची संध्याकाळ असायची. जेवणाच्या टेबलावर पोह्यांच्या बशा, मध्ये स्पीकरवर टाकलेला फोन. “बाबा, आता तो उंच डिफेंडर पळतोय, पळतोय, चोत्तो मात्ते, थांब, पडला! आई, तू असतीस तर हळद लावली असतीस.” तीन शब्दांत फोन आटपणारी मुलगी अख्खी मॅचभर बोलायची. मध्येच प्रोफेसर कसा खडूस आहे ते सांगायची, रूममेटने डाळ करपवली ते सांगायची. मला फुटबॉलमधलं ओ की ठो कळत नाही, पण मी तिथून हलायची नाही. घर पुन्हा भरल्यासारखं वाटायचं.

मग त्या लीगने नवा करार केला. त्यावर नवऱ्याने पोहे गार होईपर्यंत मला व्याख्यान दिलं. अमेरिकेत आतापर्यंत गावोगावची चॅनलं आपापल्या टीमच्या मॅच दाखवायची. आता लीगने साऱ्या जगाचे हक्क एका ॲपला एकगठ्ठा विकले. लोकल चॅनलं बाद. बघायचं असेल तर वर्गणी भरा. त्याने लगेच लेकीला विचारलं, “घेतलंस ना ते ॲप?”

“हो, घेतलं की,” ती म्हणाली, आणि रविवार पहिल्यासारखे चालू राहिले. उलट कॉमेंट्रीला जास्तच रंग चढला.

एका रविवारी सकाळी योकोहामाच्या मित्राचा मला फोन आला. “वहिनी, आता जुगाड नको. साऱ्या जगाचे हक्क म्हणजे जपान आलंच की त्यात! महिना झाला, इथे राजरोस दिसतंय.”

मी नवऱ्यासमोर जाऊन उभी राहिले. “तुला माहीत होतं?”

“जपानची पाटी मीच काढली,” तो बशीकडे बघत म्हणाला.

“आणि मला बोलला नाहीस?”

“तुला सांगितलं की तिला कळणार. इथे दिसतं म्हटल्यावर ती फोन कशाला करेल?”

मला त्याचं वाईट वाटलं. पण कुतूहल काही स्वस्थ बसू देईना. मीच ते ॲप टीव्हीवर उतरवायला लावलं, मॅच लावली आणि आवाज पूर्ण बंद केला. तेवढ्यात लेकीचा फोन आला.

“बाबा, काय पाऊस आहे! सगळे चिंब भिजलेत.”

टीव्हीवर मैदान कोरडं ठणठणीत होतं.

“आपला गोलकीपर आज पिवळ्या शर्टात. कसला ओरडतोय सगळ्यांवर!”

गोलकीपर हिरव्या शर्टात, एकटाच, मोजे वर ओढत उभा होता. गोल तेवढे खरे होते. टीव्हीवर गोल झाला की थोड्या वेळाने तिच्याकडेही व्हायचा. स्कोअर कुणाच्याही फोनवर फुकट दिसतो. बाकीची मॅच आमची लेक मनाने रचत होती. तिने ॲप घेतलंच नव्हतं.

मी नवऱ्याकडे पाहिलं. पाहुण्याने ऑफसाइडचा अर्थ चुकीचा सांगितला तर त्याला कागदावर मैदान काढून दाखवणारा हा माणूस. आता हा तिला पावसावरून धरणार, म्हणून मी डोळे वटारले. त्याने रिमोट घेतला, टीव्ही बंद केला आणि खुर्ची फोनजवळ ओढली.

“अरे वा! मग? पुढे काय झालं?”

पुढे पुष्कळ काही झालं. एक कुत्रा मैदानात शिरला, रेफ्रीची शिट्टी हरवली. मी पदार्थविज्ञानात डॉक्टरेट केलेली बाई, पण कुत्रा सापडेपर्यंत माझाही जीव टांगणीला लागला होता.

हाफ टाइमला ती जरा थांबली. “बाबा, तिकडे अजून दिसत नाही ना रे मॅच?”

बाटलीच्या लेबलाशीसुद्धा खोटं न वागणाऱ्या माझ्या नवऱ्याने घसा साफ केला.

“नाही गं. तीच पाटी येते. हा कार्यक्रम आपल्या प्रदेशात उपलब्ध नाही.”

“बरं झालं,” ती पटकन बोलून गेली. मग सावरत म्हणाली, “म्हणजे, वाईट झालं. चला, टीम परत आली मैदानात. पाऊस वाढलाय, बाबा.”