मशीनचा रोग कानानं ओळखणारा मेहुणा

आमच्या धाकट्या मेहुण्यासारखा कान अख्ख्या म्हसळा तालुक्यात नाही, आणि त्या कानाइतका ताप दुसऱ्या कशाचा नाही. आगरदांड्याला होड्यांची इंजिनं दुरुस्त करण्यात त्याची हयात गेली. आता गुडघे गेले, म्हणून बसून कॉम्प्युटर दुरुस्त करतो. पद्धत तीच. स्क्रू ड्रायव्हरचं टोक मशीनला, मूठ कानाला, डोळे मिटलेले. तोवर घरातले पंखे बंद, कुकर खाली आणि घरधन्याने श्वासही बेतानं घ्यायचा. घरघर असेल तर पंख्यात धूळ, खरखर असेल तर वायर पात्याला लागतेय, हे चहा यायच्या आत सांगतो. चुकला तर कबूल मात्र करत नाही. बोर्लीच्या एका दुकानात मशीन खडखडतं म्हणून त्याने सगळं खोलून टेबलावर मांडलं. खडखडत होता मशीनवर ठेवलेल्या जेवणाच्या डब्यातला चमचा. तर म्हणतो, "मशीन हलतंय म्हणून चमचा वाजतो. रोग मशीनचाच हाय." माझ्या मुलाच्या वरातीत तर जनरेटरचा बोल्ट ढिला आहे म्हणून त्याने बँड थांबवला. आमची ही त्याची थोरली बहीण. म्हणाली, "मेल्या, नवरा घोड्यावर ताटकळलाय, त्याला आधी उतरव तरी."

ही गेली, त्यानंतर दोन महिन्यांनी आमचा कॉम्प्युटर टकटक करायला लागला. तिचे सगळे व्हिडिओ त्यातच, दुसरीकडे कुठंच नाहीत. मी अडाणी, चार दिवस तसाच चालवला, वर दोन थापडाही मारल्या. मग मेहुण्याला बोलावलं. त्याने कान लावला आणि लगेच वायर उपटली.

"भावजी, हार्ड डिस्क मरतेय. आता एकदाच चालू करायची, आणि निघेल तेवढं काढून घ्यायचं."

"आणि न्हाय निघालं तर?"

"गप बसा."

दिवसभर जागचा हलला नाही. दोनदा मधेच अडकलं, तेव्हा जेवणाचं ताटही परत पाठवलं. दिवेलागणीला सगळं नव्या डिस्कवर आलं. नीट आलंय का बघायला त्याने एक व्हिडिओ लावला. अंगणात ही सुकट वाळत घालतेय, कावळ्यांना शिव्या देतेय, मधेच खोकते. त्याने तेवढंच परत मागे घेऊन ऐकलं.

"हा खोकला तेव्हापासनं होता?"

"व्हय."

"हा व्हिडिओ मीच काढलाय, भावजी. समोर उभा होतो."

"मी तर घरातच राहत होतो," मी म्हटलं.

आता दर रविवारी येतो. मशीन गुमान चालतं, तरी येतो. ती कावळ्यांना हाकलते, आम्ही बघतो. चहा मी करतो आणि तो वाईट होतो. मेहुणा सगळा पितो, काय चुकलंय ते सांगत नाही.