दुसरा ज

एखादा शब्द कानावर पडला की लुगत जागच्या जागी थांबायची. बाजारात, चुलीपाशी, अगदी मयतीच्या घरीसुद्धा. समोरचा माणूस पुढे बोलत राहायचा आणि ही तेवढा एक शब्द चिंचेच्या बोटकासारखा तोंडात घोळवत उभी. मग म्हणायची, "काहून म्हणत असतील असं?" तिचं खरं नाव नसीम. जवळा बाजार या आमच्या गावात तिच्या वडिलांचं गाद्या भरायचं दुकान होतं. तिथे बसणाऱ्या म्हाताऱ्यांनीच तिला लुगत म्हणायला सुरुवात केली. लुगत म्हणजे उर्दूत शब्दकोश. मला कुणी असं काही नाव दिलं नाही. मी नुसती सरांची प्रज्ञा.

सर म्हणजे माझे बाबा. शाळेत मराठी शिकवायचे, आणि मी नि लुगत एकाच वर्गात. घरात बाबा कमी बोलायचे, वर्गात मात्र चांगला शब्द सापडला की खुलायचे. एकदा त्यांनी फळ्यावर 'पुनरुज्जीवन' लिहिलं आणि अर्थ विचारला. पहिला हात माझा.

"मेलेल्याला पुन्हा जिवंत करणं."

"बरोबर," बाबा म्हणाले. एवढंच.

मग लुगत उठली. "सर, पुरं मेलेल्याला न्हाई. मेलं असं लोकाला वाटून राहिलं, त्याला. गादीतला कापूस दबून दबून दगड होतो. लोक म्हणतात, मेला, फेकून द्या. अब्बा पिंजतात की फुगून वर येतो."

बाबांनी हातातला खडू खाली ठेवला. "वर येतो! ऐकलं का रे पोरांनो? उत् म्हणजे वर. उत् अधिक जीवन, उज्जीवन. म्हणून त्यात दोन ज. दुसरा ज खाल्लात तर शब्दाचा जीवच खाल्लात!" त्या दिवशी ते जेवतानाही कापसाबद्दलच बोलत होते. भाकरी मी केली होती. त्यांनी ती खाल्ली, पण पाहिली नाही.

त्यानंतर लुगत संध्याकाळची आमच्या ओट्यावर यायला लागली. ती नि बाबा एकेका शब्दावरून भांडायचे. आई हसायची, मी भांडी जरा जोरात आपटायची. बाबा माझ्या निबंधाखाली 'छान' लिहून वही परत द्यायचे. तिचा निबंध मात्र लाल पेनाने पार रक्तबंबाळ करून सोडायचे. मला त्या लाल रेघांचाही हेवा वाटायचा. इतकं रागावण्यासारखं माझ्यात त्यांना कधी काही सापडलंच नाही.

मी लग्न होऊन वारंगा फाट्याला आले. तिथे आमचं टायरचं दुकान. लुगत गावातल्याच शाळेत मराठीची बाई झाली. आई गेल्यावर मी बाबांना रोज फोन करायची, आणि तब्येतीच्या आधी ते सांगायचे, "नसीम येऊन गेली."

मग बाबांना अर्धांगाचा झटका आला. हातपाय हळूहळू हलायला लागले, वाचा मात्र गेली ती गेलीच. दुकान नवऱ्यावर टाकून मी येऊन राहिले. पेला हातात धरून म्हणायची, "बाबा, पाणी म्हणा. पा-णी." ते मुकाट्याने पाणी प्यायचे आणि भिंतीकडे बघायचे. शाळा सुटल्यावर लुगत यायची आणि नुसती त्यांच्या बाजेजवळ बसून राहायची. हिलाही काही सुचत नाही, हे बघून मला आतून बरं वाटायचं.

एका दुपारी ती सहज बोलल्यासारखं म्हणाली, "सर, सिद्धेश्वरच्या वाटेवर ओढा खोल करून राहिले. मोठा बोर्ड लावलाय. ओढा पुनरुजीवन."

बाबांची भुवई हलली.

"पुनरुजीवन," ती परत म्हणाली. "एकच ज. आजकाल चालतं म्हणे."

बाबांचा चेहरा लालबुंद झाला. चांगला हात त्यांनी बाजेवर आपटला. ओठ वाकडे झाले, गळ्यातून घरघर आली, आणि मग शब्द फुटला. "दोन! दोन... ज!"

"व्हय सर, चुकलं माझं," लुगत म्हणाली. ती रडत होती आणि हसत होती. मी पाण्याचा पेला घेऊन दारात उभी होते. आनंद मलाही झाला, कुणाला होणार नाही? पण बाबा परत आले होते ते तिच्याकडे बघत.

गावभर झालं, लुगतनं सरांचं पुनरुज्जीवन केलं. ती भेटेल त्याला दटावायची. "माणसाला हा शब्द लावत न्हाईत. ओढ्याला लावतात, बंद पडलेल्या वाचनालयाला लावतात. सरांनी जीव धरला म्हणा. जीव ज्याचा त्यालाच धरावा लागतो." कौतुक असं झटकून टाकायची ऐटसुद्धा तिच्याच वाट्याला.

बाबांना एकेक शब्द येऊ लागला. चहा. ऊन. चूक. मला ते नसीम म्हणायचे. तिलाही नसीम, मलाही नसीम. मी त्यांना फाट्याला न्यायचं ठरवलं, त्यांचे कपडे भरले. लुगत म्हणाली, "ने की. तुझे बाबा हायेत. मी येत जाईन एसटीनं, मला काय तकलीफ न्हाई." तिनं अशी एका झटक्यात वाट मोकळी केली आणि माझे हात थांबले. ती आली की बाबा तोंड उघडत होते, हे मला रोज दिसत होतं. मी पिशवी रिकामी केली. आत्या येऊन बाबांजवळ राहिली आणि मी दर रविवारी येत राहिले. मला बघून बाबांचा चेहरा उजळायचा. "नसीम!" मी म्हणायची, "हो बाबा."

या थंडीत बाबा गेले. माणसं पांगल्यावर लुगत त्यांच्या बाजेवरची गोधडी घडी करत होती. माझ्याकडे न बघताच म्हणाली, "मी रोज आधी तुझंच नाव घ्यायला लावत होते त्यांना."

"मग?"

"ओठ बराबर मिटायचे, प्रज्ञातला प म्हणताना मिटतात तसे. लई जोर लावायचे. अन् आवाज निघायचा तो माझ्या नावाचा. मग स्वतःवरच चिडायचे, डोळ्यातून पाणी यायचं."

"मला काहून सांगितलं नाहीस?"

"वाटायचं, एक दिवस निघेल बराबर. तवा तुला फोन लावून ऐकवू."

मी तिला जवळ घेतलं. आत्या दारातून म्हणाली, किती जीव आहे पोरींचा एकमेकींवर. असेलही. पण तिच्या पाठीवरून हात फिरवताना माझ्या डोक्यात एकच होतं. माझ्या नावासाठी मिटलेले बाबांचे ओठ हिने रोज पाहिले. मला ते एकदाही दिसले नाहीत.