अकरा पुस्तकं कुणी हलवली?

माझ्यावर कुणी विश्वास ठेवला नाही, हे आधीच सांगते. चौथी शिकलेल्या बाईला पुस्तकातलं काय कळणार! अहो, पण एका विद्यापीठाच्या लायब्ररीत चौदा वर्षं झाडलोट करतेय मी. तिथे धूळ आणि किस्से, दोन्ही रोज साचतात. धूळ निदान झटकता तरी येते.

यंदा पुस्तकांची मोजणी झाली, अकरा कमी भरली. ग्रंथपाल मॅडम सरळ म्हणाल्या, "शालनबाई, पुसताना तुम्हीच इकडची तिकडे केलीत. सापडली नाहीत तर एक तारखेपासून येऊ नका."

"मॅडम, मी धूळ हलवते, पुस्तकं नाही!"

कोण ऐकतंय! मग मीच शोधायला लागले.

*

परीक्षा आली की हुशार पोरं पुस्तकं लपवतात, दुसऱ्याला मिळू नयेत म्हणून. इंजिनीअरिंगचं एक जाडजूड पुस्तक संतवाङ्मयाच्या मागे सापडलं. तिकडे कुणी फिरकतच नाही ना! लपवणारी मुलगी गयावया करायला लागली, "मावशी, प्लीज सांगू नका, रँकचा प्रश्न आहे."

म्हटलं, "लपवलंस ते कळलं. उघडलंस कधी? पानं अजून एकमेकांना चिकटलीयत!"

पण अकरातलं ते नव्हतं.

*

अभ्यासिकेत सकाळी सातला चाळीस खुर्च्यांवर चाळीस सॅक बसतात. मालक चहाच्या टपरीवर. एक सॅक तीन दिवस हलली नाही. आत आमची पुस्तकं असतील म्हणून मालकिणीला गाठून उघडायला लावली. आत दुसरी सॅक!

"ही कशाला गं?"

"मैत्रिणीसाठी जागा धरायला, मावशी."

*

तपासणीची कमिटी यायची होती. एका प्राध्यापकांनी मलाच विचारलं, "लायब्ररीत आत कुठून जायचं?"

म्हटलं, "सर, मागच्या तपासणीला आला होतात ना, तेच दार."

त्यांचं लायब्ररीचं कार्ड काढलं, तर कोरं करकरीत. त्यांच्यावर संशय घ्यायची सोयच नाही!

*

मग त्याच कमिटीसाठी संचालकसाहेबांची केबिन पुसायला पाठवलं. साहेबांच्या खुर्चीमागे काचेचं नवं कपाट. आत अकरा पुस्तकं! सगळी लाल पाठीची, सोनेरी अक्षरांची, आणि खाली आमच्या लायब्ररीचा शिक्का.

साहेबांचा शिपाई म्हणाला, "ऑनलाइन मीटिंगमध्ये मागे दिसायला बरी दिसतात हो. साहेबांनी रंग बघून स्वतः निवडलीत."

मॅडमना सांगितलं. "हळू बोला!" म्हणाल्या. पुस्तकं गुपचूप जागेवर आली. पण मोजणीत कमी भरली होती, म्हणजे अहवाल हवा, आणि अहवालात नाव हवं.

"साहेबांचं लिहा की!"

"काहीतरीच काय, शालनबाई!"

"मग माझं लिहून बघा. याच टेबलावर उभी राहून सगळ्यांना कपाटाचं सांगते!"

मॅडमनी दार लावून घेतलं. आत साहेबांशी फोनवर दोन तास चर्चा झाली. बाहेर मी, हातात झाडू.

अहवाल नोटीस बोर्डावर लागला. सगळा सोडला, शेवटची ओळ वाचली. "पुस्तके गहाळ होण्यास जबाबदार : ग्रंथालयाचे माजी शिपाई, कै. दत्तू कोंडिबा शेलार."