महानंदाक्कांचं नापास जाकीट

बंगळूरच्या राजाजीनगरमधल्या जुन्या औद्योगिक वसाहतीतल्या एका पत्र्याच्या शेडमध्ये महानंदाक्का गेली एकतीस वर्षं सैनिकांची जाकिटं शिवताहेत. गोळी अडवणारी. पण काय काम करता असं कुणी विचारलं, तर त्या नुसतं "शिवणकाम" म्हणतात आणि समोरच्या बाईला वाटतं, ब्लाउज. गल्लीतल्या दोघी-तिघी हौसेनं कापड घेऊन आल्याही होत्या. महानंदाक्कांनी त्यांना कॉफी पाजली, आणि "बाई ग, माझ्या हातचा ब्लाउज घातलास तर वाकता यायचं नाही तुला," असं सांगून परत पाठवलं.

वय अठ्ठावन्न, निवृत्तीला आलेलं. उंची बेताचीच, आवाज मात्र शेडच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत पोचणारा. जाड पट्टे ओढून ओढून डाव्या अंगठ्याला घट्टा पडलेला. सोबतच्या बायका त्यांना भितात, आणि दुपारी डबा खायला त्यांच्याच शेजारी जागा धरतात. शेडच्या मधोमध एक पुरुषी पुतळा उभा असतो. शिवलेलं जाकीट आधी त्याच्या अंगावर चढवून बघायचं, ही पद्धत. त्याचं नाव महानंदाक्कांनी नागराज ठेवलंय. "हा एकच बाप्या असा," त्या म्हणतात, "जो माप देताना पोट आत ओढत नाही."

घर शिंप्यांचं. चार पिढ्यांपूर्वी सोलापूरकडून निघालेलं, धारवाडला थोडं थांबून बंगळूरला टेकलेलं. मराठीत कन्नड इतकी मुरलीय की पुण्याचे पाहुणे आले की त्यांना प्रत्येक वाक्य दोनदा सांगावं लागतं. नवरा नरसिंहराव बसडेपोतून निवृत्त झालेले, स्वभावानं गरीब. मुलगा नंदू मारतहळ्ळीत संगणकाच्या कामात. धाकटी सिद्धी.

या घराची एक रीत आहे. घरातून कुणी नव्या कामाला निघालं की त्याच्या अंगावरचा पहिला कपडा घरच्या मशीनवरच शिवलेला हवा. डेपोतल्या पहिल्या दिवशीची नरसिंहरावांची खाकी त्यांच्या वडिलांनी शिवली होती. नंदूचा शर्ट महानंदाक्कांनी. नंदूच्या ऑफिसात सगळे टी-शर्ट घालून येत, त्यामुळे पहिल्या दिवशी त्याला लोक मुलाखतीला आलेला उमेदवार समजले. पण त्यानं शर्ट घातला. रीत म्हणजे रीत.

आणि मग सिद्धीचं पत्र आलं.

सिद्धी बी.कॉम. झालेली, कॉलेजात एनसीसीत होती. दुसऱ्या खेपेला लष्कराच्या अधिकाऱ्यांच्या निवडीत पास झाली आणि दोन महिन्यांत चेन्नईला प्रशिक्षणाला हजर व्हा असा हुकूम आला. तिला तोफखान्यात जायचं होतं. गेल्या काही वर्षांत तिथं मुलींना घेऊ लागलेत आणि तोफा काही ऑफिसात ठेवत नाहीत, हे महानंदाक्कांना कुणी सांगायची गरज नव्हती.

नरसिंहराव संध्याकाळी टीव्ही लावून बसत. बायकांनी लढाईत पुढं जावं की जाऊ नये यावर चार माणसं एकमेकांचा गळा धरल्यासारखी ओरडत असत. एकदा त्यांनी चाचरत विचारलं, "तुला काय वाटतं ग?"

"बाप्यांनी तरी कशाला जावं?" महानंदाक्का स्वयंपाकघरातून म्हणाल्या.

नरसिंहराव हसले. त्या गंमत करत नव्हत्या.

बारा-तेरा वर्षांपूर्वी शेडमध्ये एक खोकं आलं होतं. वापरून झालेली जाकिटं होती त्यात, शिवण कशी टिकली ते तपासायला पाठवलेली. महानंदाक्कांनी एकेक उसवून पाहिलं. शिवण टिकली होती. एकूण एक टीप जागच्या जागी. पण एका जाकिटाच्या आत कुणीतरी बॉलपेननं स्वतःचं नाव लिहिलं होतं, आणि त्याच जाकिटाच्या काखेखाली, जिथं आतला गोळी अडवणारा पत्रा संपतो तिथं, एक भोक होतं. महानंदाक्कांनी हात धुतले, घरी येऊन भाकऱ्या केल्या. त्या खोक्याबद्दल त्या कुणाशी कधी बोलल्या नाहीत. जाकीट कुठं अडवतं आणि कुठं अडवू शकत नाही, ते तेव्हापासून त्यांना पक्कं माहीत होतं.

म्हणून सिद्धीनं पत्र पुढं केलं तेव्हा त्यांनी ते नीट वाचलं, घडी घालून परत दिलं आणि म्हणाल्या, "जा. मी अडवायची नाही. पण तुझा कपडा मी शिवणार नाही."

सिद्धीही त्यांचीच लेक. ती म्हणाली, "सरी, ठीक. मग तू शिवशील तेव्हाच जाईन."

"तारीख टळेल."

"टळू दे. कपड्याशिवाय या घरातून कुणी गेलंय का?"

झालं. दोघी हट्टाला पेटल्या. सिद्धी रोज सकाळी उठून पळायला जायची, परत येऊन आईसमोर डोसे खायची आणि कपड्याचा विषयही काढायची नाही. नरसिंहराव कॅलेंडरकडे बघून उसासे टाकायचे. पोरीनं दोन वर्षं जिवाचं रान केलं होतं, आणि ते सगळं आता एका बाईच्या मशीनवर अडून बसलं होतं.

अशात कारखान्यात नवं काम आलं. महिला सैनिकांसाठी जाकीट हवं. आधी एक नमुना करून चाचणीला पाठवायचा. आराखड्याचं काम वेदांतकडे होतं. वेदांत सत्तावीस वर्षांचा, पुण्याचा इंजिनिअर, रोज मारतहळ्ळीहून दीड-दोन तास रस्त्यात घालवून यायचा आणि आल्याआल्या वैतागलेला असायचा. त्यानं पुरुषांच्या सर्वांत लहान मापाचा कागदी पॅटर्न घेतला, चारी बाजूंनी बारीक केला आणि महानंदाक्कांपुढे ठेवला.

"काकू, बेसिकली स्मॉलचं एक्स्ट्रा स्मॉल केलंय. ॲडजस्ट होऊन जाईल."

महानंदाक्कांनी कागदाकडे पाहिलं, मग वेदांतकडे. "तुझ्या घरात आई आहे का रे?"

"आहे ना."

"तिला बघितलंयस का कधी? ती तुझ्या बाबांचं एक्स्ट्रा स्मॉल आहे का?"

वेदांत लाल झाला. शेजारच्या मशीनवरची रक्षिता हसून हसून दोरा ओवायची थांबली.

पण हसून काम होत नव्हतं. नागराजच्या छातीवर हे जाकीट बसवून काही कळणार नव्हतं. बाईच्या अंगावर पुढचा पत्रा टेकत नाही, काखेखाली फट पडते. बसलं की खालची कड मांडीला लागून अख्खं जाकीट गळ्याशी चढतं. महानंदाक्कांना अंग हवं होतं. तरुण, कसलेलं, वाकणारं-पळणारं. आणि असं अंग त्यांच्या घरात रोज डोसे खात होतं.

तीन दिवस त्यांनी मनाशी भांडण केलं. चौथ्या दिवशी वेदांतची परवानगी काढून कच्चा नमुना घरी आणला.

"सिद्धी, उभी राहा. कारखान्याचं काम आहे," त्या बजावून म्हणाल्या. "तुझ्या जाण्याशी याचा काही संबंध नाही."

"बरं," सिद्धी म्हणाली आणि हात वर केले.

मग महिनाभर त्या घरात जे चाललं ते बघायला नरसिंहरावांनी टीव्ही बंद ठेवला. सिद्धी जाकीट घालून हॉलमध्ये पालथी पडायची, केरसुणी बंदुकीसारखी खांद्याला लावायची, जिना चढून गच्चीवर पळायची. "अय्यो, गळ्याशी आलं बघ! काढ." महानंदाक्का उसवायच्या, खडूनं खुणा करायच्या, परत टीप मारायच्या. "आता गुडघ्यावर बस. हात पुढं. आणखी स्वल्प." केरसुणी खांद्यावर नीट टेकेपर्यंत त्यांनी हाताच्या मुंढ्याचा काप चार वेळा बदलला. आणि दर वेळी, काहीही बदललं तरी, शेवटी त्यांची बोटं काखेखाली जायची. तिथं दोन बोटं शिरली की परत सगळं उसवायचं. सिद्धीला आईच्या बोटांनी गुदगुल्या व्हायच्या आणि ती हसायची. आई का हसत नाही ते तिला माहीत नव्हतं.

शेवटी एक दिवस तिथं नखही शिरेना. महानंदाक्का मागे सरकून लांबून बघत राहिल्या. एकतीस वर्षांत इतकं सुरेख बसलेलं जाकीट त्यांनी पाहिलं नव्हतं. नमुना चाचणीला गेला.

आठ दिवसांत परत आला. पाच महिला अधिकाऱ्यांनी घालून पाहिला होता, पाचही जणींना बसला नव्हता. एकीचं बंद होईना, एकीच्या गळ्याशी आलं, तिसरीच्या काखेखाली चार बोटं फट. शेरा एकाच शब्दाचा: नापास.

"खोटं आहे!" महानंदाक्का कडाडल्या. "माझ्या हातानं बसवलंय मी."

वेदांतनं जाकीट टेबलावर पसरलं. खांद्याचे आणि कमरेचे पट्टे त्यानं ओढून पाहिले. ते हलेनात. जाकिटाचे पट्टे सरकते ठेवतात, घालणारानं आपापल्या अंगाप्रमाणे ओढून घ्यावेत म्हणून. हे शेडमध्ये काल आलेली मुलगीही सांगेल. महानंदाक्कांनी ते चारही पट्टे जागच्या जागी दुहेरी टीप मारून पक्के केले होते.

"काकू," वेदांत हळू आवाजात म्हणाला, "हे पट्टे का शिवून टाकलेत?"

महानंदाक्कांना आठवलं. पट्टा कधीतरी पळताना सैल होईल, सरकेल आणि फट पडेल, म्हणून. नखही शिरू नये म्हणून. त्या वेळी हात आपोआप चालला होता. एकतीस वर्षांत हजारो जाकिटं शिवली, पण एवढी ढोबळ चूक त्यांच्या हातून कधी झाली नव्हती.

रक्षिता उठून आली, जाकीट उलटसुलट करून पाहिलं आणि म्हणाली, "अक्का, हे नमुन्याचं नाहीच. हे तर तुम्ही तुमच्या सिद्धीला शिवलंय."

शेडमधली मशीनं एकेक करत थांबली. महानंदाक्का स्टुलावर बसल्या आणि सगळ्यांदेखत रडल्या. ज्या कपड्याला त्या इतके दिवस नाही म्हणत होत्या, तो त्यांनी शिवून टाकला होता, नखभरही फट न ठेवता, आणि त्यांचं त्यांनाच कळलं नव्हतं. त्यांना स्वतःची लाज वाटली, आणि लेकीची इतकी माया दाटून आली की पदर पुरेना. वेदांतनं पाण्याची बाटली पुढं केली.

पाणी पिऊन महानंदाक्कांनी डोळे पुसले. त्या पाच अधिकारी बायका त्यांच्या डोळ्यांपुढे आल्या. काखेखाली चार बोटं फट घेऊन उभी राहिलेली ती तिसरी कुणाची तरी सिद्धीच असणार. त्यांना खोक्यातल्या त्या जाकिटात लिहिलेलं नावही आठवलं.

"वही काढ," त्या वेदांतला म्हणाल्या. "आणि तोंड भिंतीकडे कर. रक्षिता, तू पहिली. हात वर."

त्या दुपारी शेडमधल्या चौदा बायकांची मापं निघाली. उंच, बुटक्या, बाळंतपणं झालेल्या, काटकुळ्या. प्रत्येकीला पालथं पाडलं, प्रत्येकीला केरसुणी दिली. त्यात बिचारा नागराज कोपऱ्यात भिंतीला टेकून पडला. नवा पॅटर्न करायला घेतला. पट्टे सरकते, आणि काखेखाली फट राहू नये म्हणून पाकळीसारखा वेगळा तुकडा. निवृत्ती वर्षभर पुढं ढकलायचा अर्ज महानंदाक्कांनी त्याच दिवशी दिला.

सिद्धीच्या तारखेला चार दिवस उरले होते. घरी आल्यावर त्यांनी पाहिलं, पोरीची बॅग अजून रिकामीच होती.

"भर की. कशाची वाट बघतेस?"

"कपड्याची," सिद्धी म्हणाली.

"शिवलाय."

"कुठाय?"

"नापास झाला." आणि महानंदाक्कांनी तिला सगळं सांगितलं. पट्टे, चौदा बायका, वेदांतचं भिंतीकडचं तोंड. मग पहिल्यांदाच, दार लोटून घेऊन, ते खोकंही सांगितलं. सिद्धीचा हात नकळत स्वतःच्या काखेखाली गेला.

"म्हणजे आता तू हो म्हणतेस?" तिनं शेवटी विचारलं.

"नाही. कुणीच जाऊ नये असं मला अजूनही वाटतं. पण तू जाणार, आणि तुझ्या शेजारीही कुणीतरी उभी राहणार. एकट्या तुझं शिवून भागायचं नाही. आता सगळ्यांचं शिवते. त्यात तुझं आलं."

सिद्धीनं मान डोलावली आणि बॅग भरायला पुढं ओढली. महानंदाक्कांनी गळ्यातली टेप काढली.

"उभी राहा. शेवटचं माप घेते. सुट्टीला येशील तेव्हा परत घेणार आहे, कुठं किती वाळलीस ते कळायला हवं."

सिद्धीनं हात वर केले. टेप छातीभोवती आली तशी महानंदाक्का ओरडल्या, "पोट का आत ओढतेस? श्वास सोड!"

सिद्धी हुंदका दाबून उभी होती. श्वास सोडला असता तर तो बाहेर आला असता. महानंदाक्कांनी टेप तशीच धरून ठेवली आणि वाकून आकडा बघत राहिल्या. काही केल्या तो त्यांना दिसेना.