हाताला कळलं तर ये

जळीत वॉर्डात किस्से गोळा करावे लागत नाहीत. ड्रेसिंग सोडताना पेशंटचं लक्ष दुसरीकडे लागावं म्हणून आम्ही त्याला बोलतं करतो, आणि तो बोलून जातो ते आमच्याकडेच राहतं. चहाच्या वेळी एकीनं एक सांगितला की दुसरीकडे दोन तयार! आम्ही हसतो, पण मी हे घरी सांगत नाही. आज फक्त भिकनदादाचे सांगते.

भिकनदादा मूळचा आमच्या धुळ्याकडचा, राहायला इथे सुरतेत, कोसाडला. कपड्याच्या मार्केटात माल तपासायचा. डोळे मिटायचे, कापड चिमटीत धरून जरा ओढायचं, की कॉटन किती, पॉलिस्टर किती, सांगून मोकळा! "डोया फसवतस सिस्टर, हात नही," म्हणायचा. एकदा माल बघायला मिलमध्ये गेला आणि त्याचा तोच उजवा हात गरम रोलरखाली आला.

*

आमचे सर अस्सल सुरती. तोंडात शिवी आधी, नमस्कार नंतर. पण मराठी पेशंटशी मोडकंतोडकं मराठीच बोलतात. मांडीची कातडी काढून हातावर लावली, तेव्हा त्यांनी दादाला समजावलं, "भिकनभाई, आता खालून पेशी येणार. धागा विणणार. मग त्याच धाग्याला धरून बसणार. धरायला काय नाय भेटला, तर मरून जाणार."

दादानं नीट ऐकून घेतलं. "साहेब, विणायचा पगार कोण देतं त्यांना?"

"तू! अंडी खा, डाळ खा!"

*

चार-पाच दिवसांनी पहिलं ड्रेसिंग सोडलं. कातडी छान बसत आली होती. मी गॉज घ्यायला वळले, तेवढ्यात दादानं डोळे मिटले, डाव्या हाताच्या चिमटीत नव्या कातडीचा कोपरा धरला आणि जरा ओढला.

अख्खी कातडी चिमटीत आली.

"पकड देखी ऱ्हायंतू, सिस्टर," तो म्हणाला. "माल कच्चा शे!"

सर धावत आले. त्या दिवशी त्यांच्या तोंडून एकही शिवी आली नाही, तेव्हा मात्र मी घाबरले.

*

दुसऱ्यांदा दुसरी मांडी सोलली. या वेळी मंगलवहिनी, म्हणजे दादाची बायको, खाटेला चिकटून बसायची आणि त्याचा डावा हात दोन्ही हातांनी धरून ठेवायची. राऊंडला सर आले की तेवढी त्या हाताला सुट्टी. दादानं एकदा त्यात सरांचा एप्रनच धरला. खिशाजवळ शाईचा निळा डाग पडलेला, सरांचा नेहमीचा एप्रन.

"साहेब, कॉटन सांगून कोणी गळ्यात मारला? हा पॉलिस्टर आहे! उजवा हात चालू असता ना, तर मिलचं नावसुद्धा सांगितलं असतं!"

अख्खा वॉर्ड हसला. चेहरा भाजलेल्यांना हसताना जखम ताणते, पण तेही हसले.

*

कातडी धरली. घरी जाताना दादाला स्प्लिंट दिली, बोटं सरळ ठेवणारी पट्टी. मी वहिनीला दोन-दोनदा सांगितलं, "त्या पेशी विणून थांबत नाहीत, धागे ओढत बसतात. पट्टी लावली नाही तर हाताची मूठ होईल."

दोन महिन्यांनी दादा आला. हाताची मूठ झालेली.

"पट्टी कुठे आहे?"

वहिनीनं पिशवीतून प्लास्टिकमध्ये गुंडाळलेली पट्टी काढली. नवी कोरी! "दवाखान्याची वस्तू ना, सिस्टर. मळली तर परत कशी करायची? कपाटात जपून ठेवली."

मार्केटात माल हाताळणारी माणसं ही, त्यांच्या घरी परक्या मालाला डाग लागू देत नाहीत. मी तिच्यावर खूप ओरडले. मग बाथरूममध्ये जाऊन रडले.

*

पुन्हा ऑपरेशन. पुन्हा कातडी. या वेळी पट्टी एवढी मळली की मला आनंद झाला! बोटं हळूहळू उघडली. दादाच्या शेठनं निरोप पाठवला होता, "हाताला कळलं तर ये, नाहीतर दुसरा माणूस ठेवला आहे."

शेवटच्या तपासणीला सरांनी बोटं वाकवून पाहिली, खूश झाले आणि आपल्या एप्रनची बाही पुढे केली. "चल भिकनभाई, आता उजव्या हातानी सांग."

दादानं डोळे मिटले. बाही चिमटीत धरली, चोळली, जरा ओढली. बराच वेळ लावला. वहिनी त्याच्या तोंडाकडे बघत होती.

मग तो हसला. "वा साहेब! आता घेतला तुम्ही अस्सल कॉटन!"

वहिनीनं एप्रनच्या खिशाकडे पाहिलं. शाईचा निळा डाग तिथंच होता.

सर म्हणाले, "हो भिकनभाई. नवा घेतला."