दादांच्या नावाचा रिपोर्ट

१९ नोव्हेंबर. नवऱ्याच्या श्वासयंत्राचा मास्क आणि नळी साबणाच्या पाण्यात बुडवून ठेवली आहे. आठवड्यातून एकदा हे करावं लागतं. काल दादांचा दहावा झाला.

दादा म्हणजे माझे थोरले दीर. ओझरच्या कारखान्याला कामगार नेणारी बस चालवायचे. बसल्या जागी झोपायचे आणि असे घोरायचे की शेजारी टीव्हीचा आवाज वाढवायचे. मी काही बोलले की म्हणायचे, "इंजिनाचा आवाज येतोय ना? मग गाडी चालू हाय."

दोन वर्षांपूर्वी कंत्राटदाराने त्यांना झोपेची तपासणी करायला सांगितली. छातीला पट्टा, बोटाला चिमटा, नाकाशी नळी, असं यंत्र एका रात्रीपुरतं घरी देतात. दादा ते घेऊन सरळ आमच्याकडे आले. "धाकट्याला लाव. तो मुडद्यासारखा झोपतो, आवाज नाय की काय नाय. माझी बस वाचेल." पट्टा मी बांधला. कुणाला काय कळणार, असं मलाही वाटलं.

रिपोर्ट दादांच्या नावावर आला आणि वाईट आला. डॉक्टरीणबाईंनी दोन रेघा दाखवल्या, वरची श्वासाची, खालची ठोक्यांची. श्वास थांबला की ठोके मंदावत होते आणि श्वास परत आला की धावत सुटत होते. "झोपेत हृदयाने विसावायचं असतं. हे रात्रभर जिने चढतंय," त्या म्हणाल्या.

"मॅडम, ही झोप माझी नाय. भावाची हाय."

बाई चिडल्या. यांना बोलावून पुन्हा तपासलं, औषधं आणि हे श्वासयंत्र सुरू केलं. दादांनाही पुढच्या आठवड्यात यायला सांगितलं. पण रिपोर्ट कंत्राटदाराकडे पोचला होता आणि बस गेली होती. "आता कशाला तपासायचं? बसच नाय तर झोपू दे की निवांत." मला मात्र बजावलं, "हिला बोलू नको. धाकट्यापायी बस गेली म्हणून धरून बसेल."

दहा दिवसांपूर्वी दुपारी दादा जेवून खाटेवर पडले. चार वाजता ताईंनी, म्हणजे माझ्या जाऊबाईंनी, चहाला हाक मारली. ते उठले नाहीत.

काल दहाव्याहून परतताना रिक्षात ताई म्हणाल्या, "डॉक्टरनं मशीन दिलं, ते तुमच्याकडे टाकून मोकळे झाले. हट्टानं गेला माणूस. मला रडू येत नाही, रागच येतो." हे मान खाली घालून बसले होते.

दादांच्या झोपेत काय चाललं होतं ते आता कुणालाच कळणार नाही. मी अजून रडलेले नाही. मास्क उन्हात नको, सावलीत वाळवायचा असतो.

२० नोव्हेंबर. सकाळी ताईंकडे गेले. उद्याच्या तेराव्याचे तांदूळ निवडत होत्या. सगळं सांगितलं, पट्टा कुणी बांधला तेही. त्यांचा हात थांबला नाही.

"म्हणजे मशीन यांचं नव्हतंच."

"नाही."

"दोन वर्षं मी त्यावरून बोलत होते. रोज. एकदा उलटून बोलले नाहीत."

मी खाली बसले आणि अर्धे तांदूळ माझ्या ताटात ओढून घेतले.