एका अर्जाच्या एकेचाळीस पायऱ्या

कॉलेजच्या ऑफिसात शिष्यवृत्तीचं टेबल सांभाळणाऱ्या ताई कंत्राटावर आहेत, हे मला माहीत नव्हतं. जी बाई इतकी वर्षं त्याच खुर्चीवर बसते ती कायम असणार, असंच मी धरून चालले होते. आमच्या घरातून कॉलेजात आलेली मी पहिलीच. ऑफिसं कशी चालतात हे मला कोण सांगणार होतं?

'कमवा आणि शिका' योजनेतून मला रोज दोन तास त्यांच्या हाताखाली काम मिळालं. मुलांचे कागद बघून त्यांचे अर्ज सरकारी संकेतस्थळावर भरायचे. नाव, दाखल्याचा नंबर, गुण, पुन्हा नाव. एकाचा नंबर दुसऱ्याला पडला की अर्ज परत. दुपारनंतर ताईंची मान एका बाजूला वळायची नाही.

सगळ्यात अवघड ओटीपी. पाथर्डी-शेवगावकडच्या कितीतरी मुलांचे आईवडील दिवाळीनंतर ऊसतोडीला जातात, आणि आधारला जोडलेला मोबाईल त्यांच्याबरोबर जातो. तिकडे आलेला आकडा काही मिनिटांत इकडे टाकावा लागतो. ताईंनी यावर स्वतःची वाट काढली होती. ऊसतोड टोळीच्या मुकादमाला त्या आदल्या दिवशी फोन करायच्या. उद्या जेवणाच्या सुट्टीत कुणाकुणाचा मोबाईल चालू पाहिजे ते सांगायच्या आणि बरोबर त्याच वेळी अर्ज उघडायच्या.

"ओ मुकादम, मोबाईल झोपडीत न्हाई, हातात ठिवा म्हणावं!" त्या ओरडायच्या. सगळं ऑफिस हसायचं. माझा पहिल्या वर्षाचा अर्ज असाच भरला गेला होता. पलीकडून माझे वडील अडखळत आकडे वाचत होते आणि ताई म्हणत होत्या, "घाई न्हाई दादा, सावकाश सांगा."

दुसऱ्या वर्षी संगणकाच्या सरांनी मला बोलावलं. ते एक सॉफ्टवेअर रोबो तयार करत होते. म्हणजे माणूस जसा पडद्यावर क्लिक करून अर्ज भरतो तसाच भरणारा प्रोग्रॅम.

"ताई एका अर्जाला काय काय करतात, एकूण एक पायरी लिहून आण."

"त्यांना सांगू का सर?"

"आत्ता नको, उगाच घाबरतील. मी सांगेन नंतर. त्यांचं टायपिंग सुटेल, मुलांशी बोलायला वेळ मिळेल."

मला ते मनापासून पटलं. त्यांची ती मान मी रोज बघत होते.

"एवढं काय लिहितीस गं?" ताईंनी एकदा विचारलं.

"शिकतेय."

"शिक बाई. मी काय जन्माला पुरनार हाय?" आणि मला लिहिता यावं म्हणून त्या हळू क्लिक करू लागल्या.

एकेचाळीस पायऱ्या झाल्या. ताई मुकादमांचे नंबर ज्या वहीत लिहायच्या, तिचे फोटोसुद्धा मी सरांना काढून दिले.

रोबो चांगला होता, हे मी आजही म्हणेन. महिनाभराचं काम आठवड्यात उरकलं. नंबरांची अदलाबदल थांबली. मुकादमांना आदल्या दिवशी आपोआप निरोप जाऊ लागले. तास बुडवून रांगेत उभी राहणारी मुलं वर्गात दिसू लागली. ताई स्वतः खूश होत्या. "बघ की, चुकतच न्हाई गं हे!" त्या महिन्याच्या शेवटी त्यांचं कंत्राट संपलं आणि पुढं वाढवलं नाही.

मी सरांकडे गेले. "सर, तुम्ही म्हणाला होता..."

"तो निर्णय ऑफिसचा. मी फक्त सॉफ्टवेअर दिलं." मग म्हणाले, "तुझं काम मात्र छान झालंय. प्रोजेक्ट म्हणून दाखव."

त्यांना हे आधीपासून माहीत होतं का, हे विचारायचं धाडस मला झालं नाही. मला वाटतं, माहीत होतं.

शेवटच्या दिवशी ताई खण रिकामा करत होत्या. टेबलावर रोबोबद्दलचा सरांचा छापील अहवाल होता, त्यात माझ्या एकेचाळीस पायऱ्या जशाच्या तशा होत्या.

"'मुकादमाशी मोठ्याने बोलावे, उसाच्या फडात ऐकू येत नाही.' हे तूच लिहिलंस ना?" त्यांनी विचारलं. "दुसरं कोन लिहिनार?"

"ताई, सर म्हणाले होते की तुम्हाला..."

"सरांचं सोड. त्यांनी मला कधी नीट हाकसुद्धा मारली न्हाई. तू माझ्या शेजारी बसून लिहिलंस. मी हळू हळू करून दाखवत हुते गं तुला."

पिशवी उचलून त्या भिंगारच्या रिक्षेत बसल्या.

नंतर मी त्यांना तीनदा फोन केला. तिसऱ्यांदा त्यांनी उचलला.

"काय काम हुतं?"

"काम नाही ताई. सहजच."

"मग ठिव," त्या म्हणाल्या. मी ठेवायच्या आधी त्यांनीच ठेवला.